स्विचच्या आज्ञा, मागाची कार्डे

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगचा एक मुलगा नेटवर्किंग शिकतो आहे. मध्यंतरी त्याने मला स्विचला आज्ञा कशा देतात ते दाखवले आणि विचारले, "चाचा, हे सगळं अमेरिकेचं. यात आपलं काय?"

आपल्याकडे या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे. 'अल्गोरिदम' हा शब्द मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला, म्हणजे संगणक मुळात आपलाच! जलशात टाळ्या मिळवायला हे ठीक आहे, पण इतिहास एवढ्यावर भागत नाही.

नवव्या शतकात बगदादमध्ये ख्वारिझ्मींनी भारतीय अंकांनी गणित कसे करावे, हे पायरीपायरीने लिहिले. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि त्यांचे नावच त्या पद्धतीचे नाव बनले. त्याच बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी आपोआप वाजणाऱ्या बासरीच्या यंत्राचे वर्णन केले. फिरत्या नळकांड्यावरच्या खुंट्या कोणता सूर केव्हा वाजायचा ते ठरवत. खुंट्यांची मांडणी बदलली की धून बदले. यंत्राला आधीच आज्ञा देऊन ठेवायची कल्पना ती हीच.

पुढे फ्रान्समधल्या लियाँ शहरात 1804च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डने हेच काम पुठ्ठ्याच्या कार्डांवर आणले. कार्डाला भोक असेल तिथे ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. भोकांच्या ओळीतून नक्षी उमटते. सोलापुरी चादरीवरची नक्षी याच जॅकार्डची. म्हणजे यंत्राला आज्ञा लिहून देणे सोलापूरकरांना नवे नाही; आपल्या अंगावरच्या चादरीत ते विणलेले आहे.

आता स्विच. कार्यालयातले संगणक तारांनी एका डब्याला जोडलेले असतात. जुना हब आलेला निरोप सगळ्यांकडे पाठवायचा. स्विच पत्ता वाचतो आणि निरोप नेमक्या त्याच तारेवर सोडतो. पहिला इथरनेट स्विच 1990 साली बाजारात आणणाऱ्या कंपनीचे नाव होते 'कल्पना'. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक. नाव भारद्वाजांच्या पत्नीचे. त्या पहिल्या स्विचला सात पोर्ट होते. 1994 साली सिस्कोने ही कंपनी विकत घेतली आणि ते नाव मागे पडले.

सिस्कोच्या स्विचवर आधी 'एनेबल' लिहायचे, मग 'कॉन्फिगर टर्मिनल'. मग एखादा पोर्ट निवडून 'स्विचपोर्ट अ‍ॅक्सेस व्हीलॅन 10' लिहिले की तो पोर्ट दहा क्रमांकाच्या गटात जातो. आज्ञा दिल्याक्षणी लागू होते. पण ती असते 'रनिंग-कॉन्फिग'मध्ये, म्हणजे चालू स्मृतीत. वीज गेली की पुसली जाते. ती टिकवायची तर 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' असे वेगळे सांगावे लागते. नवशिका नेमका हेच विसरतो. सगळे नीट चालू असते, म्हणून जतन करण्याची आठवणच होत नाही.

मला वाटते, आपल्या समाजाच्या इतिहासाचे असेच झाले आहे. सोलापूरच्या विणकरीत पद्मशाली, साळी, कोष्टी यांच्याबरोबर मोमिनही होते. माग कसा लावायचा, सूत कसे ओळखायचे, नक्षी कशी बसवायची, हे सारे हातात आणि तोंडी होते. घरात माग चालू होता तोवर ते लिहून ठेवावे असे कुणाला वाटले नाही. माग बंद पडले, माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर शब्दही गेले. ख्वारिझ्मींचे नाव उरले, कारण त्यांनी लिहिले आणि पुढच्यांनी त्याच्या प्रती केल्या. आपल्या आजोबांनी आयुष्यभर विणले, पण त्यांची नोंद कुठल्याही पुस्तकात नाही.

म्हणून वळसंगच्या त्या मुलाला मी सांगितले की 'यात आपलं काय' हे बगदादचा दाखला देऊन ठरत नाही. स्विचला त्याला आज्ञा देणाऱ्याचे आडनाव कळत नाही. आज्ञा बरोबर असेल तर तो मानतो, एक अक्षर चुकले तर नाकारतो. जो हे शिकेल त्याचे हे आहे. नोकरीच्या मुलाखतीत आडनाव आड येते, हे मला ठाऊक आहे. तो लढा वेगळा आणि तोही लढायचाच आहे. पण त्यासाठीही हातात विद्या लागते.

दुसरे काम घरातले. अजून ज्या घरांत माग चालवलेले म्हातारे आहेत, त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. मागाच्या भागांची नावे, मजुरी, मालक, संप, नक्ष्यांची नावे, सारे विचारा. ते दखनीत सांगत असतील तर दखनीतच उतरवा. खाली तारीख घाला, सांगणाऱ्याचे नाव घाला, आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.