कनिष्ठ महाविद्यालयीन फुटबॉलपटूंची विद्यापीठ-पात्रता (अमेरिका)
अमेरिकेतील कनिष्ठ महाविद्यालय म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे; ते शालेय शिक्षणानंतरचे दोन वर्षांचे महाविद्यालय होय. शाळेअखेरीस शैक्षणिक निकषांवर अपात्र ठरलेल्या खेळाडूला तेथून एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या प्रथम विभागात जाण्यासाठी दोन वर्षांची पदवी, 48 हस्तांतरणीय श्रेयांक (पैकी इंग्रजीचे 6, गणित व निसर्गविज्ञानाचे प्रत्येकी 3) आणि 2.5 गुणसरासरी लागते. खरी अडचण पुढेच आहे. तिसऱ्या वर्षारंभी निवडलेल्या पदवीचा 40 टक्के अभ्यास पूर्ण हवा. पण विद्यापीठाने स्वीकारलेले श्रेयांक त्या पदवीत धरले जातीलच असे नाही. शाळेतच पात्र ठरलेल्यांची वाट सोपी. असाच पात्र असलेला अमेरिकन फुटबॉलपटू ॲरन रॉजर्स ब्यूट या कनिष्ठ महाविद्यालयातून वर्षभरातच, 2003 मध्ये, बर्कलीच्या विद्यापीठात गेला.