अंक विद्यार्थ्यांचा, पण ताबा कोणाचा?

कोल्हापूरच्या कॉलेजांतून दरवर्षी नियतकालिक निघते. पैसा विद्यार्थ्यांच्या फीमधला, शेवटचा शब्द मात्र प्राध्यापकांचा. मग तो अंक शिवाजी विद्यापीठाच्या नियतकालिक स्पर्धेला जातो. हॉस्टेलमधली जात, रखडलेली शिष्यवृत्ती हे विषय त्यात शोधूनही सापडत नाहीत. विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेले वृत्तपत्र हवे, असे आम्ही म्हटले की उत्तर ठरलेले, ‘कॉलेजचा अंक आहे की!’

म्हणून ‘मूकनायक’कडे कोल्हापुरातून पुन्हा पाहू.

31 जानेवारी 1920 रोजी हे पाक्षिक निघाले तेव्हा बाबासाहेब 28 वर्षांचे होते. लंडनचे शिक्षण अर्धवट राहिलेले, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी चालू. कॉलेज सरकारी, म्हणून संपादकाच्या जागी नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे आणि लेखणी बाबासाहेबांची. तिथे दुसऱ्याचे नाव लिहिणाऱ्याला मोकळीक देण्यासाठी होते. कॉलेजच्या अंकावरचे प्राध्यापकाचे नाव लगाम घालण्यासाठी असते. फरक एवढाच, पण सगळा त्यातच आहे. ‘केसरी’ने तर ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. म्हणजे दुसऱ्याच्या पत्रात कोपरा मागण्याचा रस्ता तेव्हाही बंदच होता.

भांडवल गेले ते आमच्या कोल्हापुरातून. दत्तोबा पवारांमुळे शाहू महाराज आणि बाबासाहेबांची ओळख झाली आणि महाराजांनी 2500 रुपये दिले. त्या काळी ही रक्कम मोठी होती. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. हा भाग दर जानेवारीला भाषणांत येतो, आम्हीही सांगतो. पुढचा भाग मात्र कोणी सांगत नाही.

जुलै 1920 मध्ये बाबासाहेब पुन्हा विद्यार्थी होऊन लंडनला गेले. ज्ञानदेव घोलप पत्र पाहू लागले. 6 मे 1922 रोजी शाहू महाराज गेले. 1923 मध्ये ‘मूकनायक’ बंद पडले. एका दात्याच्या मदतीवर पत्र निघते, पण टिकायला वर्गणीदार लागतात आणि एक माणूस गेला तर दुसरा तयार असावा लागतो. विद्यार्थ्यांच्या पत्राला तर हे जास्तच लागू आहे, कारण तिथे दर तीन वर्षांनी सगळी फळीच पास होऊन निघून जाते. आमच्या पोरांनी काढलेले दोन-चार अंक याच कारणाने थांबले, दडपणाने नव्हे. हे कबूल करायला लाज कसली?

बाबासाहेबांनी 3 एप्रिल 1927 रोजी ‘बहिष्कृत भारत’ काढले. या वेळी संपादक म्हणून नाव त्यांचे स्वतःचे होते.