चालवून पाहिल्याशिवाय इसार नाही



तुमच्यापैकी बहुतेकांनी बैलबाजार पाहिलेला असेल. गिऱ्हाईक येते आणि आधी लांबूनच बैलाभोवती एक चक्कर मारते. मग ओठ वर करून दात पाहते. आदत आहे, दोन दाती आहे, की जुळलेला? खांद्यावरून हात फिरवते, खूर पाहते. पण जाणता शेतकरी एवढ्यावर इसार देत नाही. तो म्हणतो, "जुंपून दाखवा." कारण बसका बैल दावणीला बसका दिसत नाही. तो बसतो मानेवर जू असताना, नांगराचे तास अर्ध्यावर आले असताना. खोड कामात कळते, उभ्याने कळत नाही.

"जुंपून दाखवा" या दोन शब्दांचा इतिहास आज मी तुमच्यापुढे मांडणार आहे. विषय मात्र बैलाचा नाही, मोटारसायकलचा आहे. गाडी विकत घेण्यापूर्वी ती चालवून पाहणे ही आज आपल्याला अगदी साधी गोष्ट वाटते. पण हा हक्क सर्व काळी सर्वांना मिळत होता असे नाही. माल मुबलक असला की हा हक्क गिऱ्हाइकाच्या हाती येतो आणि टंचाई आली की गुपचूप निघून जातो. इतिहासाने हे पुन्हा पुन्हा दाखवले आहे.

मोटारसायकलच्या आधी घोडा होता. यंत्राची ताकद आपण अजून अश्वशक्तीतच मोजतो, नाही का? घोडा पारखण्याचे शास्त्र आपल्याकडे फार जुने. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्वविद्या तर प्रसिद्धच आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला, त्यातही घोड्यांचा विचार आहे. अंगावरचे भोवरे शुभ कोणते, अशुभ कोणते, देवमण आहे की नाही, हे पाहणारे लोक आजही भेटतात. पण मराठ्यांच्या फौजेतला शिलेदार केवळ भोवऱ्यावर विसंबून चालत नसे. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदाराला मात्र स्वतःचा घोडा आणावा लागे. घोडा ऐन वेळी अडला तर पोट आणि प्राण दोन्ही जायचे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो. तिथेही घोडा नुसता उभा दाखवत नाहीत, त्यावर बसून रेवाल चाल दाखवतात. रंग डोळ्यांना दिसतो, चाल मात्र बसल्यावरच समजते.

आता याच्या उलट बाजू पाहा. दख्खनच्या राजांना चांगले घोडे समुद्रापलीकडून आणावे लागत. १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर पोर्तुगीजांनी घोड्यांच्या या व्यापारावर आपला हात घट्ट बसवला, तो उगीच नव्हे. पण टंचाई त्याच्याही आधीची. फेर्नाव नुनिश हा पोर्तुगीज घोड्यांचा व्यापारी सोळाव्या शतकात विजयनगरात राहिला होता. साळुव नरसिंह या पंधराव्या शतकातल्या राजाबद्दल त्याने एक गोष्ट लिहून ठेवली आहे. होर्मुझ आणि एडनहून घोडे यावेत म्हणून हा राजा व्यापाऱ्यांना मागतील ते देई. एक हजार परदावांना तीन घोडे, मग ते जिवंत असोत वा मेलेले. वाटेत समुद्रावर जो घोडा मरे त्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी त्याचे पैसे मिळत!

एवढा मोठा राजा, पण गरज त्याची होती आणि माल दुसऱ्याच्या हातात होता. मग चाल कसली पाहणार? शेपटीचेही पैसे मोजावे लागले. ही शेपटी जरा ध्यानात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

१८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी एका लाकडी सांगाड्यावर अर्ध्या अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन बसवले. डाइमलरचा मुलगा पाउल त्यावर बसून कान्श्टाटहून निघाला. इंजिन बैठकीच्या खालीच होते, त्यामुळे वाटेत बैठकीनेच पेट घेतला, असे सांगतात. म्हणजे मोटारसायकलची पहिली फेरीच खोड दाखवून गेली. पुढे १८९४ मध्ये जर्मनीतच हिल्डेब्रांट आणि वोल्फम्युलर यांची गाडी विक्रीसाठी बनू लागली आणि मोटारसायकल बाजारात आली.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर कारखाने उभे राहिले. १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया कंपनी निघाली आणि बुलेट इथे तयार होऊ लागली. साठच्या दशकाच्या आरंभी म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी बनू लागल्या. १९७२ साली आलेल्या स्कूटरचे नाव 'चेतक', म्हणजे राणा प्रतापांचा घोडा! पण किती गाड्या काढायच्या हे सरकारच्या परवान्यावर ठरे आणि मागणी त्याच्या कितीतरी पट. म्हणून नोंदणी करायची, अनामत भरायची आणि वाट पाहायची. चेतकसाठी दहा-दहा वर्षे थांबलेली माणसे होती. ज्यांचा नंबर लागे, त्यातले काही जण गाडी वर 'ऑन' घेऊन दुसऱ्याला विकत. वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग! अशा काळात दुकानदाराला "जरा चालवून पाहू का?" असे कोण विचारणार?

माझे वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनी १९७४ मध्ये स्कूटर नोंदवली आणि १९८२ मध्ये बोलावणे आले. रंग कोणता मिळाला, हेही त्यांना दुकानात गेल्यावरच कळले. गंमत म्हणजे त्यांना स्कूटर चालवताच येत नव्हती. शिकणार कशावर? शेजारच्या गुरुजींनी ती घरी आणली, आईने ओवाळली. तक्रार मात्र कुणीच केली नाही, कारण तक्रार करायचीही सोय नव्हती. शेपटी हाती आली तरी घोडा मिळाला म्हणायचे दिवस होते ते.

पुढे वारे फिरले. जपानी सहकार्याने नव्या कंपन्या आल्या. १९८४ साली हिरो होंडा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिची सीडी-१०० रस्त्यावर आली. यामाहाची आरएक्स-१०० त्याच साली आली. १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांचे परवाने उठले. एका गावात चार दुकाने झाली आणि दुकानदारच म्हणू लागला, "साहेब, एक राउंड मारून बघा." गिऱ्हाइकाला मान एकाएकी आला तो दुकानदार सज्जन झाले म्हणून नव्हे. पलीकडे दुसरे दुकान उघडले होते म्हणून.

कायदा मात्र बाजाराच्या आधीच शहाणा होता. १९३० च्या मालविक्री कायद्यात माल तपासायची वाजवी संधी मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला दिला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, विक्रेत्याच्या व्यापार प्रमाणपत्रावरील गाडी होणाऱ्या गिऱ्हाइकाला वाजवी चाचणीसाठी रस्त्यावर नेण्याची मुभा आहे. पण त्याच १९३० च्या कायद्यात एक मेखही आहे. तुम्ही माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसायला हवा होता, त्याबद्दल मागाहून गर्भित हमीच्या आधारावर बोलता येत नाही. थोडक्यात, बघायचे तर डोळे उघडे ठेवून बघा.

हे मी पुस्तकातून शिकलो, पण जरा उशिरा. २००६ साली मी एक जुनी मोटारसायकल घेतली. विक्रेता नात्यातल्या कुणाच्या तरी ओळखीचा. चहा आला, गप्पा झाल्या. टाकी आरशासारखी चमकत होती. इंजिन आधीच गरम होते, तेव्हा पहिल्याच किकला सुरू झाले. रस्त्यावर नेऊ का, असे विचारायला मला संकोच वाटला. अंगणात एक फेरी मारली आणि पैसे दिले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटे नाही. तिसऱ्या दिवशी वडील मागे बसले होते. घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. मी खरचटण्यावर निभावलो, वडिलांचा घोटा मोडला. मेकॅनिकने सांगितले, पुढचा फोर्क जुन्या अपघातात वाकलेला होता, वरून रंग दिलेला. प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून वडील एवढेच म्हणाले, "आम्हाला चालवून पाहायला मिळत नव्हतं रे. तुला मिळत होतं."

म्हणून चार गोष्टी सांगतो. जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा आधी इंजिनाला जपून हात लावा. ते गार असताना सुरू करा, आजार थंडीतच दिसतो. निळसर धूर येतो का ते पाहा, येत असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. दोन्ही पाय जमिनीवर टेकतात का ते बघा. मग हेल्मेट घालून, लायसन्स खिशात ठेवून, रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर न्या. गाडी एका बाजूला ओढते का? पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा पकडून पाहा, आधी कमी वेगात. गिअर अडखळतात का, चढावर क्लच घसरतो का? गुळगुळीत डांबरावर सगळ्याच गाड्या शहाण्या असतात, तेव्हा तुमच्या रोजच्या रस्त्यासारख्या खड्ड्यांतूनही न्या. मागे जी माणसे बसणार आहेत त्यांनाही एकदा बसवा, कारण गाडी घरच्या सगळ्यांची असते. शेवटी आर. सी. वरचा चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. एवढे झाल्यावर इसार. आणि विक्रेता चालवू देत नसेल, तर नमस्कार करून उठा. चहा प्यालात म्हणून गाडी घ्यायला तुम्ही बांधलेले नाही.

शिक्षक मित्रांना एक विनंती. मुलांना सांगा, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून या: आपल्या घरी पहिला बैल, पहिली सायकल, पहिली गाडी कशी घेतली? किती दिवस थांबावे लागले? चालवून पाहायला मिळाली का? वीस मुलांच्या वह्यांत तुमच्या गावाचा पन्नास वर्षांचा आर्थिक इतिहास गोळा होईल, आणि मुलांना हेही उमजेल की जुंपून पाहायचा हक्क आज आपल्या हाती आहे. तो न वापरणाऱ्याला बाजार आजही शेपटीच देतो, आणि पैसे घोड्याचे घेतो.