डिस्कच्या प्रकृतीचा उघडा हिशेब

डिस्कवरील कोणती माहिती कोठे ठेवली आहे आणि कोणती जागा मोकळी आहे, याचा हिशेब राखणाऱ्या व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात. तिचा कारभार ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, सांभाळतो, त्यामुळे तिची प्रकृती वापरकर्त्याला थेट दिसत नाही. ती केव्हा आणि कोणत्या स्वरूपात दाखवावी, या प्रश्नाची उत्तरे गेल्या अर्धशतकात अनेकदा बदलली.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आरंभीच्या काळात यंत्र अवचित बंद पडले, की हिशेबातील विसंगती शोधणे चालकावर येई. बेल लॅब्जमध्ये टी. जे. कोवाल्स्की यांनी लिहिलेल्या 'एफएससीके' या प्रोग्रॅमने हे काम पाच टप्प्यांत बांधले. फाइलींच्या जागा व आकार, त्यांचे मार्ग, निर्देशिकांची परस्परजोड, संदर्भांची संख्या आणि मोकळ्या जागांची यादी तो क्रमाने तपासत असे व प्रत्येक टप्प्याचे नाव पडद्यावर उमटवत असे. मात्र ही प्रगती तपासणी चालू असेपर्यंतच दिसे, आणि सामान्यतः तोवर इतर सर्व काम थांबलेले असे.

माहिती हवी तेव्हा वाचता येईल, अशी वेगळी कल्पना पुढे आली. १९८४ मध्ये टॉम किलियन यांनी चालू प्रोग्रॅम फाइलींच्या रूपाने दाखवणारी 'प्रॉक' ही रचना मांडली. या फाइली डिस्कवर नसतात, तर वाचणाऱ्याने मागताच कर्नेल त्यांचा मजकूर तयार करतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने ही रचना स्वीकारून तिचा विस्तार केला. अनेक डिस्क जोडून केलेल्या संचाची फेरजुळणी किती टक्के झाली, किती वेगाने चालली आहे आणि सुमारे किती वेळ उरला आहे, हे 'एमडीस्टॅट' या एकाच फाइलीत दिसू लागले.

डिस्कची प्रकृती कळण्याची निकड डोंबिवलीसारख्या शहरात सहज पटणारी होती. २००० च्या सुमारास कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या नागरी सेवा संगणकावर येऊ लागल्या आणि घरोघरीही संगणक पोहोचले, तर त्या दशकात भारनियमनामुळे वीज वारंवार जात असे. विंडोज ९८ चा संगणक असा अचानक बंद पडला, की पुन्हा सुरू करताना 'स्कॅनडिस्क'ची तपासणी पुढे येई. लिनक्सवरील 'ईएक्सटी २' या फाइल सिस्टिमलाही अशा वेळी संपूर्ण तपासणी लागे, आणि डिस्क जितकी मोठी तितकी प्रतीक्षाही लांबे.

'ईएक्सटी ३' ही तिची सुधारित आवृत्ती २००१ मध्ये मुख्य लिनक्स कर्नेलमध्ये आली. तिने होऊ घातलेला बदल आधी रोजमेळात टिपावा तसा स्वतंत्र नोंदवहीत लिहिण्याची पद्धत आणली, आणि वीज गेल्यावर बहुधा तेवढीच नोंदवही पुन्हा वाचून भागू लागले. प्रतीक्षा बरीच घटली, पण तपासणीच्या निमित्ताने नकळत होणारी प्रकृतीची विचारपूसही घटली. ही उणीव काही अंशी 'सिसएफएस'ने भरून काढली. २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स २.६ मधील या रचनेचा दंडक एका फाइलीत एकच मूल्य ठेवण्याचा होता. २००८ मध्ये स्थिर ठरलेल्या 'ईएक्सटी ४' च्या बाबतीत आजवर किती माहिती लिहिली गेली, कर्नेलला किती चुका आढळल्या आणि पहिली व शेवटची चूक केव्हाची, हे आता तेथे वाचता येते. चुकांची गणती डिस्कवरच नोंदलेली असल्यामुळे संगणक पुन्हा सुरू केल्यावरही ती टिकते. पुढे 'बीटीआरएफएस' या फाइल सिस्टिमने २०११ पासून काम चालू असतानाच सर्व माहिती वाचून पडताळण्याची सोय दिली, आणि त्या पडताळणीची प्रगतीही विचारता येऊ लागली.

या वाटचालीत देखभाल पडद्याआड गेली आणि तिची स्थिती वाचण्याची जबाबदारी व्यवस्थापकावर आली. चुकांची संख्या शून्य दिसते तेव्हा कर्नेलकडे चुकीची नोंद नाही, एवढेच सिद्ध होते. डिस्क निर्दोष असल्याची ती हमी नव्हे. म्हणून ज्या कार्यालयाचे दप्तर संगणकावर आहे, त्याने नियमित पडताळणी करावी, तिचा निकाल वाचावा आणि माहितीची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी.