नंबर लागला का? आपल्या टेलिफोनच्या कारभाराची गोष्ट

आपली सोसायटी १९९९ साली नोंदली गेली. पाण्याची टाकी, लिफ्ट, पार्किंग आणि गणपती यांच्या आठवणी या स्मरणिकेत इतरांनी लिहिल्या आहेतच. मी जरा वेगळा विषय घेतला आहे, पण तो आपल्या सगळ्यांच्या खिशातला आहे.

त्याच १९९९ साली केंद्र सरकारनं नवं दूरसंचार धोरण आणलं. त्यात लिहिलं होतं की २००२ पर्यंत मागेल त्याला फोन मिळेल. दर शंभर माणसांमागे २००५ पर्यंत ७ आणि २०१० पर्यंत १५ फोन असतील. प्रत्यक्षात २०१० च्या मार्चमध्ये हा आकडा ५२ च्या पुढे गेला होता. सरकारी उद्दिष्ट तिपटीनं ओलांडलं गेलं, असं आपल्याकडे किती वेळा होतं?

‘मोबाइल आला म्हणून झालं’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. मोबाइल १९९५ पासून होताच. पण १९९९ पर्यंत अख्ख्या देशात त्याची गिऱ्हाइकं जेमतेम बारा लाखांच्या आसपास होती. यंत्र तेच, माणसं तीच, मग पुढच्या दहा वर्षांत एवढं काय बदललं? बदलला तो कारभार. सेवा कोणी चालवायची, भांडण कोणी सोडवायचं आणि पैसे कशावर मोजायचे, हे तीन प्रश्न नव्यानं सोडवले गेले. सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या माणसाला हे तीनही प्रश्न नवे नाहीत!

सुरुवात परवानगीपासून

टेलिफोन भारतात फार लवकर आला. ग्रॅहॅम बेलनं पेटंट घेतलं १८७६ मध्ये. १८८० मध्येच खासगी कंपन्या इथे एक्स्चेंज उभारायला परवानगी मागत होत्या. सरकारनं आधी नकार दिला. तारखातं सरकारी, मग टेलिफोनही सरकारीच हवा, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी विचार बदलला आणि जानेवारी १८८२ मध्ये ओरिएंटल टेलिफोन कंपनीनं कलकत्ता, मुंबई आणि मद्रासला एक्स्चेंज सुरू केली. कलकत्त्याला तेव्हा ९३ गिऱ्हाइकं होती.

१८८५ चा तार कायदा आला आणि संदेश पाठवण्याचा सारा हक्क सरकारकडे गेला. खासगी कंपनीला तो हक्क परवान्यानं मिळणार. आज आपल्या मोबाइल कंपन्या परवाना घेतात त्याचं मूळ तिथे आहे. हा कायदा थेट २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यापर्यंत टिकला. १९४३ मध्ये सरकारनं या तिन्ही शहरांतल्या टेलिफोन कंपन्या ताब्यात घेतल्या आणि स्वातंत्र्य मिळालं तेव्हा फोन हे पोस्ट अँड टेलिग्राफ खात्याचं काम झालेलं होतं. तेव्हा देशभरात फोन होते सुमारे ऐंशी हजार. आज मुंबईच्या एखाद्या उपनगरात त्याहून जास्त असतील.

रांगेची चाळीस वर्षं

आपल्या भाषेत ‘नंबर लागणं’ या शब्दांना दोन अर्थ आहेत. रांगेत आपली पाळी येणं हा एक आणि फोन जोडला जाणं हा दुसरा. त्या काळी दोन्ही तितकेच दुर्मीळ होते. आज अर्ज केला की पाच-दहा वर्षांनी फोन, हे मुंबईत नवलाचं नव्हतं. जास्त डिपॉझिट भरून ‘ओवायटी’त अर्ज केला तर रांग थोडी लहान व्हायची. खासदारांना शिफारशीचा कोटा असायचा. वाडीत किंवा चाळीत एकाच घरी फोन असायचा आणि तो नंबर बाकीच्या बिऱ्हाडांच्या लग्नपत्रिकेवर ‘पी. पी.’ म्हणून छापलेला असायचा. ट्रंक कॉल लावायचा म्हणजे आधी नोंदवायचा. मग ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग हे ऐपतीप्रमाणे ठरवायचं आणि फोनशेजारी बसून राहायचं.

तारा आणि यंत्रं कमी होती हे खरंच. पण मुळात फोन ही चैन आहे, ही समजूत सरकारदरबारी घट्ट होती. धरण, पोलाद, धान्य यांच्या पुढे योजनेत फोनला पैसा उरत नसे. कोणाच्या घरी फोन नाही म्हणून मोर्चा निघाला, असंही होत नव्हतं.

म्हणून त्या खात्यानं काही केलंच नाही असं नाही. १९४८ मध्ये बंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली आणि फोन देशात बनू लागले. १९६० मध्ये कानपूर–लखनौ ही पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. आपल्या नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ मध्ये उपग्रह केंद्र सुरू झालं आणि परदेशी फोन आवाजाला स्वच्छ झाले. ज्यांनी हे खांबांवर चढून, मॅनहोलमध्ये उतरून केलं त्या लाइनमन मंडळींचं श्रेय मोठं आहे. पावसाळ्यात मुंबईची केबल भिजली की काय होतं ते जुन्या मंडळींना सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मुळातच चुकली होती. साठच्या दशकात परदेशी बनावटीचं ‘क्रॉसबार’ एक्स्चेंज इथे बनवायला घेतलं गेलं. ते अशा देशासाठी घडवलेलं होतं, जिथे एका घराचा फोन एकच घर वापरतं. इथे एकेका फोनवर अख्ख्या चाळीचे आणि दुकानाचे कॉल! यंत्राला तेवढा भार पेलेना. क्रॉस कनेक्शन आणि राँग नंबर यांच्या किश्शांमागे हेही एक कारण होतं.

छत्तीस महिने, छत्तीस कोटी

ही गोष्ट ओळखून ऑगस्ट १९८४ मध्ये ‘सी-डॉट’ ही संस्था स्थापन झाली. अमेरिकेहून आलेले सॅम पित्रोदा, खात्यातले जी. बी. मीमांसी आणि मुंबईच्या टीआयएफआरमधले डॉ. एम. व्ही. पिटके ही तिच्या मुळाशी असलेली माणसं. मुदत ३६ महिने, खर्च ३६ कोटी रुपये. काम होतं भारताच्या हवेत, भारताच्या गर्दीत चालेल असं डिजिटल एक्स्चेंज बनवण्याचं. मोठ्या एक्स्चेंजला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला आणि त्यावरून टीकाही झाली. पण खेड्यासाठीचं १२८ लाइनचं छोटं एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला सुरू झालं. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. वीज जाणाऱ्या आणि उकाड्यानं तापणाऱ्या गावात ही फार मोठी सोय होती.

त्याच सुमाराला कारभारही थोडा सुटा झाला. १९८५ मध्ये पोस्ट आणि टेलिफोन ही खाती वेगळी झाली. १ एप्रिल १९८६ ला मुंबई-दिल्लीसाठी एमटीएनएल आणि परदेशी फोनसाठी व्हीएसएनएल या कंपन्या झाल्या. नाक्यानाक्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ दिसू लागले. अनेक बूथ अपंग व्यक्तींना मिळाले आणि त्यावर घरं चालली. रात्री अकरानंतर पाव दर म्हणून बूथबाहेर लागणारी रांग आपल्यातल्या कित्येकांनी पाहिली असेल. घरोघर फोन देणं जमत नसेल तर निदान चालत जाण्याच्या अंतरावर तरी द्यावा, हा विचार साधा होता. पण त्यानं चैनीची वस्तू गरजेची झाली.

तरीही १९९४ च्या धोरणातला हिशेब बोलका आहे. शंभर माणसांमागे फोन ०.८, जगाची सरासरी १०. देशात ८० लाख लाइन आणि रांगेत २५ लाख अर्जदार. पावणेसहा लाखांहून अधिक गावांपैकी फोन पोचलेली गावं सुमारे १ लाख ४० हजार.

खेळाडूच पंच

१९९४ च्या धोरणानं खासगी कंपन्यांना दार उघडलं. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला. मुंबईत बीपीएल आणि मॅक्स टच आले. पण मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर आणि येणाऱ्या कॉललाही पैसे! फोन वाजला की लोक नंबर बघून कट करायचे.

कंपन्यांनी परवान्यासाठी लिलावात अवाच्या सवा रकमा बोलल्या होत्या. त्या दरवर्षी भरायच्या, गिऱ्हाइकं असोत वा नसोत. त्या भरता येईनात. शिवाय परवाना देणारं, नियम करणारं आणि स्वतः टेलिफोन चालवून स्पर्धा करणारं खातं एकच. आपल्या सोसायटीत खजिनदारच ऑडिटर झाला तर चालेल का?

ही गाठ तीन टप्प्यांत सुटली. १९९७ मध्ये ‘ट्राय’ हा स्वतंत्र नियामक आला. १९९९ च्या धोरणानं ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरवलं. म्हणजे कंपनी कमावेल तेवढ्या प्रमाणात सरकारला देईल. मग २००० मध्ये तंट्यांसाठी वेगळा न्यायाधिकरण आला आणि १ ऑक्टोबरला खात्याचा सेवा चालवणारा भाग बीएसएनएल म्हणून बाहेर पडला. पंच वेगळा, खेळाडू वेगळा.

परिणाम आपण सगळ्यांनी अनुभवला. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. रिलायन्सचा हँडसेट हप्त्यावर मिळू लागला. २००४ मध्ये मोबाइलची संख्या लँडलाइनच्या पुढे गेली. २००६ च्या मार्चपासून बीएसएनएलनं देशात कुठेही मिनिटाला एक रुपया हा दर आणला. सात वर्षांपूर्वी लांबच्या एसटीडीला दिवसा मिनिटाला तीस रुपयांच्या घरात पडत होते! भाजीवाल्या मावशी, इस्त्रीवाले, रिक्षावाले यांच्या हाती फोन आला तो याच काळात. खेडी मात्र मागेच राहिली. २०१० मध्ये देशाचा आकडा ५२ असताना ग्रामीण भागाचा २४ च्या आसपास होता.

मग बिल आलं

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण पंच नेमला म्हणजे खेळ आपोआप स्वच्छ होत नाही. जानेवारी २००८ मध्ये १२२ नवे परवाने दिले गेले, तेही २००१ च्या भावानं. महालेखापरीक्षकांनी संभाव्य नुकसानीचा आकडा १.७६ लाख कोटींपर्यंत मांडला. वाटपाची पद्धत मनमानी ठरवून सर्वोच्च न्यायालयानं २ फेब्रुवारी २०१२ ला सगळे परवाने रद्द केले. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयानं पुराव्याअभावी आरोपींना निर्दोष सोडलं. गुन्हा सिद्ध झाला नाही, पण नियम ऐन वेळी बदलले की विश्वास जातो, हे सगळ्यांना कळलं.

दुसरं बिल १९९९ च्या उपायातूनच निघालं. उत्पन्नातला वाटा द्यायचा ठीक, पण उत्पन्न म्हणजे काय? भाडं, व्याज, लाभांश हेही त्यात धरायचे का? आपल्याकडे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसचे दहा टक्के नुसत्या सेवा शुल्कावर की सगळ्या मेंटेनन्सवर, यावरून भांडणं होतात ना? तसंच हे, फक्त शून्यं जास्त. खातं आणि कंपन्या वर्षानुवर्षं भांडल्या. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं सरकारची व्याख्या मान्य केली. दंड-व्याजासह थकबाकी गेली १.४७ लाख कोटींच्या घरात. एक शब्द सुरुवातीला स्पष्ट लिहिला असता तर वीस वर्षांची कोर्टबाजी टळली असती.

त्याआधीच, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं होतं आणि डेटा पाण्यासारखा स्वस्त झाला. पण एका वेळी दहाहून अधिक कंपन्या होत्या तिथे आज तीन खासगी आणि एक सरकारी उरली. बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या नव्वद हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्ती घेतली. आपल्या जिन्याखाली टेलिफोनचा जो डीपी बॉक्स आहे, त्यातल्या बहुतेक तारा आता मुक्या आहेत.

आज आपल्यासाठी काय?

२०२४ च्या जुलैत तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दर वाढवले. दर ठरवायची मुभा ट्रायनं कंपन्यांनाच दिलेली आहे, कारण स्पर्धा असताना पंचानं भाव ठरवायचं कारण नसतं. पण खेळाडू तीनच उरले तर? हा प्रश्न आता पुढच्या पंचवीस वर्षांचा आहे. आपल्या मुलांचा अभ्यास, बँक, दवाखान्याची अपॉइंटमेंट, गेटवरच्या पाहुण्याची परवानगी, सगळं त्याच एका सिग्नलवर चालतं. चाळीस वर्षांपूर्वी फोन नसला तर पी. पी. नंबर होता. आज सिग्नल गेला तर शेजाऱ्याकडे जाऊन भागत नाही, कारण त्याचाही गेलेला असतो.

म्हणून ट्राय एखाद्या प्रस्तावावर लोकांची मतं मागवतं, तेव्हा ती पाठवायला हवीत. ती मतं कुणीही देऊ शकतं, सोसायटीसुद्धा. आपल्या वार्षिक सभेत आपण लिफ्टच्या एकेका बिलावर अर्धा-अर्धा तास बोलतो. दर महिन्याला सगळ्या घरांचं रिचार्ज मिळून किती होतं, हे एकदा बेरीज करून पाहा. तो आकडा लिफ्टच्या बिलापेक्षा नक्कीच मोठा निघेल.