आरक्षण उठतं तेव्हा: एरंडवण्यातल्या एका भूखंडाचा इतिहास

आज आपल्या व्याख्यानात राजवाडे नाहीत, लढाया नाहीत. एका भूखंडाची गोष्ट आहे. शहरातल्या मोकळ्या जागा कोण ठरवतं आणि त्या कशा जातात, हे आपल्याला तिच्यावरून समजून घ्यायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी बघू. पुणे महानगरपालिका 15 फेब्रुवारी 1950 रोजी अस्तित्वात आली. तिची विकास योजना, म्हणजे आपण ज्याला 'डीपी' म्हणतो ती, 1966 साली मंजूर झाली. डीपी म्हणजे शहराचा रंगवलेला नकाशा. पिवळा रंग घरांसाठी, हिरवा बागा आणि मैदानांसाठी. पण ज्या जमिनीवर हिरवा रंग पडतो ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी मालकीची असते. महापालिका मालकाला सांगते की ही जागा लोकांसाठी लागणार आहे, तुम्ही इथं बांधू नका, आम्ही ती रीतसर घेऊ. याला आरक्षण म्हणतात. तत्त्वज्ञानाच्या अंगाने पाहिलं तर आरक्षण हे एक वचन आहे, आणि ते एकाच वेळी दोघांना दिलेलं आहे. मालकाला मोबदल्याचं आणि रहिवाशांना बागेचं.

आता आपला भूखंड. एरंडवण्यात, प्रभात रस्त्याच्या भागात. 1966 च्या डीपीत तो बागेसाठी राखीव होता. 1987 च्या डीपीत त्यावर प्राथमिक शाळेचं आरक्षण आलं. म्हणजे नकाशावर बाग गेली, शाळा आली. प्रत्यक्षात मात्र बागही झाली नाही आणि शाळाही झाली नाही. पुढे नव्वदच्या दशकात राज्य सरकारच्या पातळीवर चक्रं फिरली. शाळेचं आरक्षण शहराच्या पूर्वेकडच्या दूरच्या जागेवर 'हलवण्यात' आलं आणि इथं दहा मजली निवासी इमारत उभी राहिली. विकसक तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांचे जावई होते. प्रकरण जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मार्च 1999 मध्ये न्यायालयाने ही परवानगी बेकायदा ठरवली, आणि 12 ऑक्टोबर 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

या गोष्टीतला कळीचा शब्द आहे 'हलवणं'. ऐकायला निरुपद्रवी वाटतो. एक शाळा इथून उचलली, तिथं ठेवली. कागदावरची बेरीज तीच राहिली. पण सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने बघा. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर नसेल तर ती त्याच्यासाठी नाहीच. बागेचं तसंच, मैदानाचंही तसंच. बेंगळुरूमध्ये बागेची जागा खासगी नर्सिंग होमला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच रद्द केला होता. तिथंही मूळ मुद्दा हाच होता की ती जागा त्या वस्तीतल्या लोकांची होती.

पण मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. वीस-वीस, तीस-तीस वर्षं जमीन अडकून पडते. बांधता येत नाही, विकली तर भाव येत नाही, महापालिका पैसे देत नाही. हा अन्यायच आहे, आणि कायद्यालाही तो कळतो. नगररचना कायद्याचं कलम 127 सांगतं की दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालकाने नोटीस द्यावी, आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. ही मुदत आधी सहा महिने होती, आता चोवीस महिने आहे.

म्हणून आमचं म्हणणं असं की मालक विरुद्ध नागरिक अशी ही लढाई मांडणं चूक आहे. दोघांनाही एकाच पक्षाने ताटकळत ठेवलेलं असतं. आरक्षण टाकायचं, पण अंदाजपत्रकात त्यासाठी पैसे ठेवायचे नाहीत, ही खरी गोम आहे. वचन पाळलंही जात नाही आणि मागेही घेतलं जात नाही. मग मधल्या काळात ती जमीन सौद्यासाठी पिकत राहते.

टेकड्यांचंही तेच. 1997 साली 23 गावं महापालिकेत आली. त्यांतल्या टेकड्यांवरच्या सुमारे 978 हेक्टर जमिनीवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं. सरकारने त्यावर शिक्कामोर्तब केलं 2015 मध्ये. बांधकाम होणार नाही हे ठरलं, फार चांगलं झालं. पण बरीचशी जमीन खासगी आहे, आणि मोबदल्याचा वाद त्यानंतरही चालूच राहिला. म्हणजे वचन पुन्हा अर्धंच.

पुणेकर याबाबत उदासीन आहेत असं मात्र म्हणता येणार नाही. जुन्या हद्दीचा प्रारूप डीपी 2013 साली प्रसिद्ध झाला तेव्हा सुमारे 87 हजार हरकती-सूचना आल्या. पुढे मार्च 2015 मध्ये सरकारने तो महापालिकेकडून काढून घेतला आणि जानेवारी 2017 मध्ये मंजूर केला. ज्यांना आपण निवडून दिलं त्यांच्या हातून शेवटचा शब्द गेला.

मग आपण काय करायचं? डीपीतल्या फेरबदलाची जाहिरात बारीक अक्षरांत येते आणि हरकतीला साधारण महिनाभराची मुदत असते. ती वाचायची सवय लावू. आणि आपल्या नगरसेवकाला एवढं जरूर विचारू: आपल्या प्रभागात किती आरक्षणं आहेत, त्यांतली किती ताब्यात आली, आणि उरलेल्यांसाठी यंदा किती तरतूद आहे? बाग हवी म्हणणं सोपं आहे. तिचे पैसे वेळेवर द्यायचा आग्रह धरला, तर ती बाग बहुधा राहील.

इथं थांबू. आता प्रश्न घेऊ या.