दोन केसरी, दोन संपादक

रायपूर शहरातील चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. गणेशोत्सव, व्याख्याने, मराठी नाटके हे सारे तेथे होत असते. या भागातील मराठी वस्ती काही आजकालची नव्हे. नागपूरकर भोसल्यांची स्वारी अठराव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगडात आली. पुढे बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले, आणि त्यांच्यामागोमाग कारकून, शिपाई, वैद्य, भिक्षुक अशी मराठी कुटुंबे महानदीच्या खोऱ्यात उतरली. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. राज्य गेले, पण माणसे राहिली. घरात मराठी आणि दारात हिंदी किंवा छत्तीसगडी बोलणारी ही माणसे दोन्ही भाषांत सारखीच मुरली. अशाच एका मराठी घरातील गृहस्थाच्या हातून या प्रांताचे पहिले मासिक निघाले, आणि त्याच गृहस्थावर पुढे वृत्तपत्राच्या पक्षपाताचा सर्वांत अवघड प्रश्न येऊन कोसळला. त्यांचे नाव माधवराव सप्रे.

सप्रे यांचा जन्म १८७१ सालचा, दमोह जिल्ह्यातील पथरिया येथला. शिक्षण बिलासपुरास व रायपुरास झाले, आणि १८९८ साली ते कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या काळी बी. ए. झालेल्या तरुणास सरकारी खुर्ची हात जोडून बोलावीत असे. सप्रे यांनी तिच्याकडे पाठ फिरविली आणि पेंड्रा येथील राजकुमारास शिकविण्याचे काम पत्करले. त्या कामाच्या पगारावर १९०० च्या जानेवारीत त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. संपादनात त्यांचे भागीदार होते रामराव चिंचोलकर, आणि प्रकाशनाची बाजू सांभाळीत होते रायपूरचे वामन बळीराम लाखे. तीनही नावे मराठी, मासिक हिंदी! आज ज्यांना भाषेच्या भिंती फार उंच वाटतात, त्यांनी हा योग ध्यानी घेण्यासारखा आहे.

हे मासिक सौम्य प्रकृतीचे होते. ग्रंथांची परीक्षणे, ज्ञानवर्धक लेख, भाषाशुद्धीची चर्चा, क्वचित एखादी कथा असा त्याचा संसार होता. ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही सप्रे यांची छोटी कथा १९०१ साली याच पृष्ठांवर आली आणि हिंदी कथेच्या आरंभाचा विचार करताना आजही तिचे नाव घेतले जाते. राजकारणाचा वारा मासिकाने फारसा लागू दिला नाही. परंतु वर्गणीदार ही जात सौम्यपणाने भुलत नाही. तीन वर्षे तोटा सोसून १९०२ च्या अखेरीस मासिक बंद पडले.

त्यानंतरच्या पाचच वर्षांत हिंदुस्थानचे हवामान पार पालटले. १९०५ च्या ऑक्टोबरात बंगालची फाळणी झाली, स्वदेशी आणि बहिष्कार हे शब्द खेड्यापाड्यांत गेले. सप्रे यांचे मन टिळकांच्या ‘केसरी’कडे ओढले गेले होते. १९०७ च्या एप्रिलमध्ये त्यांनी नागपुराहून ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक काढले. टिळकांच्या पत्रातील विचार हिंदी वाचकांपर्यंत पोहोचवावयाचे, हा त्याचा उघड हेतू होता. ‘छत्तीसगढ मित्रा’ने पक्ष घेतला नव्हता, ‘हिंदी केसरी’ जन्मतःच पक्षाचे पत्र होते.

येथे ‘पक्षपात’ या शब्दाचा थोडा विचार केला पाहिजे. मूळ ‘केसरी’ १८८१ च्या जानेवारीत निघाला. त्याच्या आधी प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्यात विषयांचे विवेचन निःपक्षपाताने करण्याचे वचन होते, आणि त्याच दमात, आम्हांस जे खरे वाटेल त्यास अनुसरून लिहू, असेही वचन होते. ही दोन वचने एकमेकांशेजारी सुखाने नांदतील असे त्या तरुण मंडळींना वाटले असावे. ती नांदली नाहीत. स्वतः आगरकरांना जे खरे वाटत होते ते पत्राच्या इतर चालकांस मानवेना. १८८७ साली त्यांनी ‘केसरी’चे संपादकपद सोडले आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढला. पुढे सामाजिक सुधारणांच्या वादात ‘केसरी’ने सुधारकांवर जे प्रहार केले, ते सर्वच न्यायाचे होते असे टिळकांचा भक्तही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

मात्र समोरच्या बाजूस निःपक्षपाताचा मुखवटा होता, आणि तो अधिक घातक ठरला. १८९७ च्या जूनमध्ये ‘केसरी’त शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तान्त आला. मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘जस्टिस’, म्हणजे ‘न्याय’, अशी सही करून कोणा अनामिकाने त्यातील निवडक उतारे इंग्रजीत उतरवून छापले. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, आणि या दोन गोष्टींची सांगड घालण्यास वेळ लागला नाही. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. सहा युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणाले, आणि टिळक अठरा महिन्यांच्या शिक्षेस गेले. टिळकांच्या पत्रावर संपादकाचे नाव होते. ज्याने ‘न्याय’ अशी सही केली, त्याला मात्र आपले नाव सांगण्याची गरज पडली नाही.

‘हिंदी केसरी’ निघाला त्याच १९०७ साली पुण्याच्या ‘केसरी’ कचेरीतील एका लेखकाने नाटक लिहिले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे अग्रलेखही लिहीत आणि नाटकेही लिहीत. त्यांचे ‘कीचकवध’ महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. कथा महाभारतातली, विराटपर्वातली. विराटाच्या दरबारी अज्ञातवासात राहणारे पांडव, दासी म्हणून राबणारी द्रौपदी, सत्तेने माजलेला कीचक, संयम शिकविणारा युधिष्ठिर आणि शेवटी कीचकाचा चुराडा करणारा भीम. यात नवे असे काय होते? मराठी माणसाने ही कथा कीर्तनात शंभरदा ऐकलेली होती. परंतु प्रेक्षागृहात बसलेल्या माणसास कीचकाच्या बोलण्यात कर्झनसाहेबाचा तोरा ऐकू येई. द्रौपदी ही हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त आणि भीम म्हणजे जहाल, हा उलगडा कोणी करून द्यावा लागला नाही.

कलावंताने राजकारणात बोलावे की नाही, हा वाद पुष्कळ वेळा असा मांडला जातो की जणू रंगभूमी ही एरवी राजकारणापासून सोवळी असते. ‘कीचकवधा’च्या बाबतीत खरा प्रश्न निराळा आहे. वृत्तपत्रात नेमस्तांवर टीका झाली तर ‘ज्ञानप्रकाशा’त तिला उत्तर येऊ शकत असे. रंगभूमीवरच्या युधिष्ठिराने मान खाली घातली, तर गोखल्यांनी उत्तर द्यावे कोठे? १९०७ च्या डिसेंबरात सुरतेस काँग्रेस दुभंगली. त्या दिवसांत हे नाटक पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात नेमस्तांविषयी न्यायबुद्धी कितपत उरली असेल? नाटक म्हणून ‘कीचकवध’ जोरकस आहे, आणि त्याचा जोर एका बाजूचा आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

१९०८ साली सरकारने झडप घातली. २४ जूनला टिळकांना पकडले, २२ जुलैला सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. याही वेळी ज्यूरी फुटली: सात युरोपियन एका बाजूस, दोन पारशी दुसऱ्या बाजूस. खटल्यात मराठी लेखांचे इंग्रजी भाषांतर हाच एक वादाचा विषय झाला. भाषांतरकाराने निवडलेल्या शब्दांवर माणसाची सहा वर्षे अवलंबून राहिली. त्याच महिन्यात ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही शिक्षा झाली. ऑगस्टात नागपुरास ‘देशसेवक’चे अच्युत बळवंत कोल्हटकर आणि ‘हिंदी केसरी’चे माधवराव सप्रे पकडले गेले.

सप्रे तुरुंगात असताना थोरल्या बंधूंनी त्यांना माफीपत्रावर सही करण्याचा आग्रह धरला. हा आग्रह साधा नव्हता. सही न केल्यास आपण जीव देऊ, येथवर बंधू आले होते, असे सप्रे यांचे चरित्रकार सांगतात. वडिलांच्या ठिकाणी असलेला भाऊ एकीकडे, टिळकांचे मंडाले दुसरीकडे. सप्रे यांनी सही केली. नोव्हेंबरात ते सुटले.

सुटले खरे, पण कोठे जाणार? ज्या वाचकांनी त्यांचे तेजस्वी लेख वाचले होते, त्याच वाचकांनी माफीची बातमीही वाचली. टीका झाली, कुचेष्टा झाली. पक्षाचे पत्र चालविणाऱ्यास ही किंमत निराळी भरावी लागते. तटस्थ लेखक चुकला तर त्याचे मत चुकले असे लोक म्हणतात, पक्षाचा लेखक डळमळला तर पक्षद्रोह झाला असे म्हणतात. सप्रे यांनी समर्थनाचा एक शब्दही लिहिण्याच्या भरीस न पडता सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले. वर्ध्याजवळ हनुमानगडावर समर्थ संप्रदायातील श्रीधर विष्णू परांजपे यांच्या सहवासात ते राहिले. माधुकरी मागून जेवले, आणि त्या काळात त्यांनी ‘दासबोध’ हिंदीत आणावयास घेतला. काल-परवापर्यंत अग्रलेख लिहिणारा संपादक झोळी घेऊन दारोदार उभा राहत होता, आणि उरलेल्या वेळी समर्थांच्या ओव्यांसाठी हिंदी शब्द शोधीत होता.

खाडिलकरांचे प्राक्तन वेगळे. टिळकांच्या मागे ‘केसरी’ त्यांच्याकडे आला. इकडे १९१० च्या जानेवारीत मुंबई सरकारने ‘कीचकवधा’वर बंदी घातली. बंदीचे हत्यार होते १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा. संपादकास शिक्षा करावयाची तर निदान न्यायासन, ज्यूरी, वकील एवढा थाट मांडावा लागे, नाटक बंद करण्यास सरकारी हुकमाचा एक कागद पुरेसा होता. कचेऱ्यांचा कारभार जाणणारास यात नवल वाटणार नाही: जेथे पुरावा देणे कठीण, तेथे हुकूम सोपा. कीचक म्हणजे कर्झन, हे सरकारने कोर्टात कसे सिद्ध केले असते? तसे म्हणणे म्हणजे आपणच साहेबास कीचक ठरविणे!

जे कोर्टात म्हणता येत नव्हते, ते वृत्तपत्रात मात्र म्हणता आले. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० साली ‘इंडियन अनरेस्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ‘कीचकवधा’चा हा सारा रूपकार्थ पात्रागणिक उलगडून दाखविला आहे आणि टिळकांस हिंदी असंतोषाचे जनक ठरविले आहे. निंदा म्हणून दिलेली ती पदवी महाराष्ट्राने बिरुद म्हणून मिरविली. टिळकांनी चिरोल यांच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो १९१९ साली फेटाळला गेला. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन असे नामांकित वकील होते, आणि ज्यूरी अर्थातच इंग्रज होती. टिळकांना खर्चाच्या डोंगराखाली परत यावे लागले.

बंदीनंतर खाडिलकर संगीत रंगभूमीकडे वळले. ‘मानापमान’ १९११ साली आले. त्यात राजकारणाचा मागमूस नाही, असे मानून लोक गाण्यांवर लुब्ध झाले. पण ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत याच नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला तो टिळक स्वराज्य फंडासाठी. एरवी एकमेकांच्या स्पर्धेत असलेले बालगंधर्व आणि केशवराव भोसले त्या रात्री एकाच रंगमंचावर उभे राहिले. भामिनी आणि धैर्यधर यांनी राजकारणाचा एक शब्दही उच्चारला नाही, तरी तिकीट काढणाऱ्या प्रत्येकास आपण कशासाठी पैसे मोजतो आहोत हे माहीत होते. खाडिलकरांनी १९२३ साली ‘नवाकाळ’ काढला, आणि त्यातील लेखांसाठी १९२९ साली त्यांनाही राजद्रोहाची शिक्षा भोगावी लागली.

सप्रे परतले ते हळूहळू. टिळकांनी मंडालेत लिहिलेल्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद त्यांनी केला. ज्यांच्या पक्षासाठी तुरुंगात गेले आणि सरकारची माफी मागून बाहेर आले, त्यांच्याच ग्रंथाचे हे काम त्यांच्या हाती यावे, यात टिळकांचा त्यांच्यावरील विश्वास दिसतो. १९२० च्या जानेवारीत जबलपुराहून ‘कर्मवीर’ हे राष्ट्रीय साप्ताहिक निघाले. त्यामागे सप्रे यांची खटपट मोठी होती, परंतु संपादकाच्या जागी नाव आले ते तरुण माखनलाल चतुर्वेदी यांचे. लाखे यांनी असहकारितेच्या लाटेत आपली पदवी सरकारास परत केली. १९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाने सप्रे यांना अध्यक्षपद दिले, आणि २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात त्यांचा अंत झाला. त्या शहरातील एक शाळा आज त्यांचे नाव लावते, एका वस्तीला लाखे यांचे नाव आहे, आणि चौबे कॉलनीतील मंडळात मराठी नाटकाचा पडदा अजून वर जातो.